टाचेमागची दोरी

कोणीतरी मागून लाथ मारली. नेम धरून, उजव्या टाचेच्या चार बोटं वर, आणि काडकन आवाज झाला. प्रेमराज त्या वेळी बंद पडलेली मोटारसायकल ढकलत होता. पहिली पाळी सुटली होती, एमआयडीसीतून घराकडे निघाला होता, आणि जळगावचं एप्रिलमधलं दुपारी तीनचं ऊन होतं. गाडी हातातून सुटून आडवी झाली, तो गुडघ्यावर बसला, आणि शिवी जिभेवर तयार ठेवूनच त्यानं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. चांगला चाळीस पावलं रस्ता रिकामा पडला होता, डांबर चमकत होतं, आणि लांब उसाच्या रसाच्या गाडीखाली एक कुत्रं झोपलं होतं. रसवाल्याला त्यानं विचारलंसुद्धा, कोण होतं रे. रसवाला म्हणाला, भाऊ, तुम्ही एकटेच होते. आता लाथ बसली म्हणजे लाथ मारणारा पाय कुठेतरी असणार, ही साधी गोष्ट आहे, ती काही शाळेत शिकावी लागत नाही. पण पाय नव्हता. आणि त्या रिकाम्या रस्त्याकडे बघताना प्रेमराजच्या मनात जे नाव आलं ते एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं होतं. आबा, असं तो हळूच म्हणाला, आणि मग आपणच आपल्याला लाजला.

अभिमन आबा, म्हणजे त्याचे वडील, शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावाचे भगत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या नावानं बारागाड्या ओढायच्या. बारा बैलगाड्या एकामागे एक जुंपायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर पोरंसोरं आणि अर्धा गाव बसवायचा, आणि दोर कमरेला बांधून भगतानं त्या ओढायच्या. दोन्ही बाजूंनी भगताला धरायला बगले, म्हणजे आधाराची दोन माणसं, असतात, गाव मागून ढकलतो हेही खरं, पण पहिला हिसका भगताचाच. तो हिसका बसला की गाव ओरडतो, धूळ उडते, आणि धुळीत आबांच्या फक्त टाचा दिसायच्या, मातीत रुतून पुन्हा वर येणाऱ्या. प्रेमराजला आबांचा चेहरा हल्ली नीट आठवत नाही, फोटो बघावा लागतो. टाचा आठवतात. टाचेपासून पोटरीकडे जाणारी ती मागची शीर, घरात तिला सगळे दोरीच म्हणत, अंगठ्याएवढी जाड, गाठाळ. देवानं भगताच्या पायात दोरी घातली आहे, असं गावातली माणसं सांगायची. आजोबांच्याही पायात ती होती. आजोबा पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, आबा शेहेचाळिसाव्या, यात्रेनंतर अकराव्या दिवशी, जेवता जेवता जबडा धरून आडवे झाले. भगत म्हातारा होत नाही, अशी म्हणच आहे गावात. माणसं ती छाती फुगवून म्हणतात. प्रेमराजनंही ती लहानपणी पुष्कळदा म्हटली होती.

डॉक्टर तरुण होता, बोलण्यात घाई नव्हती. त्यानं प्रेमराजला पालथं झोपवलं, पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाला, शीर तुटली आहे, पाऊल खाली करून प्लास्टर घालू. लाथ कोणी मारली नव्हती. ही शीर तुटते तेव्हा असंच वाटतं म्हणे, सगळेच मागे वळून बघतात. इथवर ठीक होतं. पण मग डॉक्टरनं न तुटलेल्या डाव्या पायाची शीर चिमटीत धरली, आणि धरूनच ठेवली. खाली-वर बोटं फिरवली. ही इतकी जाड कधीपासून, असं त्यानं विचारलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी प्रेमराजला आनंद झाला. पाय तुटलेला, ऊन लागलेलं, पँट फाटलेली, आणि माणसाला आनंद होतो. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की तुझी जाड आहे.

कारण त्याला बाजूला सारलं होतं ना. तो पंधराचा, धाकटा ज्ञानेश्वर अकराचा, आखाजीची सकाळ. आबांनी दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून एकेकाची दोरी अंगठ्यात नि बोटात धरून पाहिली, बाजारात गोऱ्ह्याचे पाय पाहतात तशी. प्रेमराजला भिंतीच्या पोपड्यांशिवाय काही दिसत नव्हतं. आबांची बोटं गार होती, तुळशीला पाणी घालून आलेली. ती त्याच्या टाचेवर दोन श्वास थांबली आणि निघून गेली. शेजारी ज्ञानाच्या टाचेवर बराच वेळ राहिली. मग आबा उठले, ज्ञानाच्या कपाळाला भंडारा लावला आणि प्रेमराजला म्हणाले, तू शीक. दोनच शब्द. वाईट काही नव्हतं त्यात, बाप शीक म्हणतो हे चांगलंच. पण ते दोन शब्द अंगात जे शिरले ते शिरलेच. तो शिकला, आयटीआय केली, जळगावला चटईच्या कारखान्यात लागला, लग्न केलं, मुलगा पुण्याला शिकायला गेला, आणि तरी कधी कधी अंघोळ करताना तो वाकून आपली टाच चाचपायचा. चाळिशीनंतर ती भरल्यासारखी वाटू लागली होती. सकाळी उठल्यावर दुखायचीही. कोणाला सांगायचं? या वयात आता आली म्हणून?

रक्ताचा कागद दुसऱ्या दिवशी आला. कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या दुपटीहून वर. त्याची बायको रूपा म्हणाली, वांग्याच्या भरताला तेल किती घालता तुम्ही लोक, मी सांगत होते. डॉक्टर म्हणाला, तेलाचा दोष थोडा, वारशाचा फार. काही घराण्यांत यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलून घेता येत नाही, जन्मापासून, माणूस काडीसारखा असला तरी. ते हृदयाच्या नळ्यांत बसतं तसंच स्नायू हाडाला बांधणाऱ्या अशा शिरांतही झिरपून बसतं, आणि टाचेमागची ही शीर त्याची आवडती जागा. मग तो प्रेमराजला कारखान्यात काय करता असं विचारून त्याच्या भाषेत सांगू लागला. ही शीर म्हणजे मेलेला दोर नव्हे. तिच्यात बारीक जिवंत पेशी असतात, त्यांचं काम विणकराचं. चालताना धागे तुटतात, त्या सांधतात, नवे सरळ विणतात. त्यांच्याभोवती कोलेस्टेरॉल साचलं की त्या माखतात, सुस्त होतात, नको ते नि वाकडंतिकडं विणतात. चरबी खायला आलेल्या पेशी खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच बसून राहतात. शीर जाड होते, आणि जितकी जाड तितकी कच्ची.

प्रेमराजला यापुढचं सांगावं लागलं नाही. बावीस वर्षं तो चटईच्या मागावर उभा होता. जुनं प्लास्टिक वितळवून धागा काढताना त्यात भलतं काही मिसळलं, तर धागा जाड आणि चकचकीत येतो. नवा माणूस खूश होतो, काय माल आला म्हणतो. जुना माणूस धावत जाऊन यंत्र थांबवतो, कारण तो धागा पहिल्या ताणाला तुटतो. हे तो स्वतः कितीतरी नव्या पोरांना शिकवत आला होता, वर दोन टोमणेही मारायचा. आणि घरात तीन पिढ्या जाडी बघून माणूस निवडत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टर म्हणाला, गोळी रोज घ्यायची, जन्मभर, आणि मुलं, भाऊ, बहिणी, सगळ्यांचं रक्त तपासायचं. भाऊ काय करतो? प्रेमराज म्हणाला, शेती. आणि आखाजीला बारा गाड्या ओढतो. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

आखाजीला नऊ दिवस होते. ज्ञानेश्वर एकोणचाळीस वर्षांचा, आबांच्या जागी एकोणीस वर्षं ओढत आलेला. प्रेमराजनं त्याच संध्याकाळी फोन केला आणि ओढू नको म्हणून सांगितलं. ज्ञानेश्वर हसला. डॉक्टरलेच गाडीवर बसाडू म्हणे यंदा, म्हणजे त्याला कळेल दोरी कशी असते ते. दुसऱ्या दिवशी केला तर आई, ताईबाई, फोनवर आली आणि म्हणाली, पाय मोडला तर मन ठिकाणावर राहत नाही माणसाचं, तू आराम कर बाबा. तिसऱ्या दिवशी प्रेमराज जरा चिडून बोलला, तेव्हा ज्ञानेश्वर शांतपणे म्हणाला, भाऊ, तुले पहिलापासून वाईट वाटस, माले माहीत शे. आणि फोन ठेवला. हे खोटं असतं तर किती बरं झालं असतं. प्रेमराजला राग आला तो त्यात खोटं काही नव्हतं म्हणून. आपण भावाला वाचवायला बोलतो आहोत की अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या कपाळावरचा भंडारा पुसायला, हे त्याचं त्यालाही धड सांगता येईना.

मग दिवस प्लास्टरमध्ये गेले. मुलाच्या रक्ताचा अहवाल पुण्याहून आला, साफ. रूपानं देवापुढे साखर ठेवली. प्रेमराजला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी एक बारीकशी टोचणी राहिली, की याच्या पायात नाहीच का काही आपलं. माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे बघा. कूलर घरघरत असायचा, ओल्या वाळ्याचा वास खोलीत भरून राहायचा, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर चढायची आणि दुपारभर सरकत सरकत भिंतीवर जायची. तिच्याकडे बघता बघता झोप आणि जाग यांतला उंबरठाच राहायचा नाही. पाय आपला आहे असं वाटायचं नाही. त्या पांढऱ्या प्लास्टरच्या आत कुठेतरी ते बारीक विणकर बसले असतील, तुपात बुडालेले, हात हलवू पाहणारे, असं त्याला दिसायचं, आणि तो त्यांना झोपेतच सांगायचा, सरळ विणा रे, घाई करू नका. एकदा त्यानं आबांनाही त्यांच्यात बसलेलं पाहिलं. आबा मान खाली घालून धागा ओढत होते आणि धागा संपत नव्हता. प्रेमराज त्यांना म्हणाला, आबा, यंत्र थांबवा. त्यांना ऐकू गेलं नाही.

आणि अशाच एका दुपारी, पट्टी भिंतीवर असताना, झोका दिसला. आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, त्यातला एक. तो खाली जमिनीवर उताणा पडला आहे, लहान, निंबोण्यांचा कडवट वास येतो आहे, आणि वर त्याची बहीण हेमलता झोक्यावर उभी आहे. झोका मागे जातो तेव्हा ती पानांत नाहीशी होते, पुढे येतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून आधी तिच्या टाचा येतात. आभाळ पांढरं, त्यावर दोन काळसर टाचा, आणि टाचांच्या मागे दोन दोऱ्या. ती गाणं म्हणत होती, गौराईचं, शब्द आले नाहीत, नुसता सूर आला. झोका पुन्हा गेला, पुन्हा आला. त्या दोऱ्या आबांच्या दोऱ्यांएवढ्या होत्या. प्रेमराज घामानं भिजून उठला आणि त्यानं रूपाला हाक मारली, पण ती आल्यावर नुसतं पाणी दे म्हणाला.

हेमलता त्याच्या पाठची, ज्ञानापेक्षा मोठी. पारोळ्याला दिली होती. तीन वर्षांपूर्वी गेली, अडतिसाव्या वर्षी. सकाळपासून पाठ नि जबडा दुखतो म्हणत होती, घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला, ती पापड लाटायला बसली आणि लाटणं हातात असतानाच कलंडली. तिच्या टाचा दुखायच्या. माहेरी आली की वीट तापवून शेकत बसायची. भेगा पडल्या असतील, मलम लाव, असं सगळे सांगायचे, प्रेमराजनंच जळगावहून दोन डब्या नेऊन दिल्या होत्या. कोणी हात लावून पाहिलं नाही. का पाहावं? बाई काही भगत होत नाही. तिला कोणी भिंतीकडे तोंड करून उभं केलं नव्हतं. डॉक्टरनं बहिणी म्हटलं तेव्हा प्रेमराज ‘होती’ एवढंच म्हणाला होता आणि डॉक्टरनंही पुढे विचारलं नव्हतं. आता तो पलंगावर बसून रडला, चांगला हुंदके देऊन, आणि रूपा दारात उभी राहून बघत राहिली.

आखाजीच्या आदल्या दिवशी भगताला हळद लागते आणि मग त्याला शीव ओलांडता येत नाही. म्हणून त्याच्याही आदल्या दिवशी ज्ञानेश्वर आला. शिंदखेड्याहून रेल्वेनं, खांद्यावर टरबूज घेऊन, फोनवर तोडून बोललो याची लाज चेहऱ्यावर घेऊन. दार भरून टाकणारा माणूस तो. वाकून भावाच्या पायाला हात लावला, प्लास्टरवर टकटक केलं, हसला. रूपानं चहा दिला. पाऊसपाण्याचं, कापसाचं, कोणाच्या लग्नाचं बोलणं झालं. प्रेमराजनं उशीखालून कागद काढले, आकडे दाखवले, चटईच्या धाग्याचं सांगितलं, आजोबा, आबा, त्यांची वयं बोटावर मोजून दाखवली. ज्ञानेश्वर प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. शेवटी तो म्हणाला की देवाचं काम करता करता मरण आलं तर येऊ दे, बारा गाड्या थांबल्या तर गाव काय म्हणेल, आणि त्याला तर काहीच होत नाही, जिना चढताना थोडा दम लागतो तेवढा. हे शेवटचं तो सहज बोलून गेला. प्रेमराजला ते छातीत लागलं. इतके दिवस घोळवलेली वाक्यं संपली होती. कूलर घरघरत होता. मग त्याच्या तोंडून ते आपोआप आलं.

“ज्ञाना, आपन हेमलतानी टाच कधी दखीच नही.”

ज्ञानेश्वरनं कप खाली ठेवला.

“मी दखी व्हती,” तो म्हणाला. “मनापेक्षा जाड व्हती, भाऊ. मी कोनले सांगं नही.”

मग तो हळूहळू सांगत गेला, अडखळत, इतका मोठा माणूस. भंडारा लागला त्याच दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता, राजासारखा. हेमलता येऊन शेजारी बसली, आपला पाय त्याच्या पायाला लावून ठेवला आणि म्हणाली, बघ, माझी तर तुझ्याहून मोठी, मग गाड्या मी ओढू का. थट्टाच ती. पण त्याला रडू फुटलं. आबांना कळलं तर भंडारा जाईल, पोरीची जास्त जाड निघाली म्हणून गाव हसेल, असं काहीबाही त्याच्या डोक्यात आलं, आणि त्यानं तिच्याकडून देवाची शपथ घेतली, कोणाला दाखवायची नाही. तिनं शपथ पाळली. तो तर विसरूनही गेला होता. मागच्या काही वर्षांत ती माहेरी आली की वीट घेऊन मागच्या दारी जाऊन शेकायची. सगळ्यांसमोर नाही. ज्ञानेश्वर एवढं बोलला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रेमराजला त्याच्यापर्यंत हात पोचवायचा होता, पण पाय उशीवर वर बांधलेला होता, आणि पलंग आणि खुर्ची यांत दोन हातांचं अंतर होतं. तो नुसता नाव घेत राहिला, ज्ञाना, ज्ञाना.

थोड्या वेळानं ज्ञानेश्वरनं डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. घरी लावला, चेहरा दिसेल असा. पडद्यावर ताईबाई आली, मागे आखाजीच्या घागरी मांडलेल्या. त्यानं दिपमालाला बोलाव म्हणून सांगितलं. दिपमाला त्याची मुलगी, दहाची, हातावर ओली मेंदी घेऊन आली, हात वर धरलेले. ज्ञानेश्वर आईला म्हणाला, तिची टाच धर, आबा धरायचे तशी. ताईबाई म्हणाली, पोरीची कशाला? तो म्हणाला, धर. फोन कुठेतरी टेकवला गेला, छत दिसलं, पंखा दिसला, मग एक छोटी टाच आणि तिच्यावर आलेली म्हातारी बोटं. पोरगी गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. ताईबाईनं बोटं एकदा वर नेली, एकदा खाली आणली. मग दुसरा पाय धरला. ती इतका वेळ काही बोलली नाही की ज्ञानेश्वरला वाटलं आवाज गेला, आणि त्यानं फोन कानाला लावला.

“जाड शे रे,” ती म्हणाली.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ज्ञानेश्वरनं विचारलं, डॉक्टर किती वाजता बसतो. प्रेमराज म्हणाला, दहाला, आणि लहान वयात सापडलं तर औषधानं पुष्कळ सावरतं असंही तो म्हणाला आहे. ज्ञानेश्वरनं ते दोनदा सांगायला लावलं. मग तो फोनमध्ये म्हणाला, “सकायनी गाडीवर तिले लई ये. मनंबी रगत देनं शे.”

“आन परवा बारागाड्या? कोन वढी?”

“ऱ्हाऊ दे बारागाड्या.”

पलीकडे ताईबाईनं मागे मांडलेल्या घागरींकडे वळून पाहिलं. गाव, भाऊबंद, खंडेराव, तीन पिढ्या, सगळं त्या बघण्यात उभं असावं. मग ताईबाई नुसती बरं म्हणाली, आणि तिनं फोन पोरीच्या तोंडासमोर धरला. दिपमालाला हेमलता आत्यानं एकदा जळगावची बाग दाखवायचं कबूल केलं होतं, ती उद्या बघायची का, असं ती विचारत होती. ज्ञानेश्वर हो म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्यानं तो पुन्हा तोंडाजवळ आणला आणि पोरीला म्हणाला,

“आन गाडी धराले पळू नको, माय. हळू ये.”